मागच्या अंगणातलं लॉन उखडून नव्यानं लावायचंय, काळ्या मातीचं काय करू? (नागपूर)

सांदवाडी | १२ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मनीषनगर भागात आमचं घर आहे, अकरा वर्षांपूर्वी बांधलेलं. मागे साधारण ३० बाय २० फुटांची मोकळी जागा आहे. घर झालं त्याच वर्षी एका नर्सरीवाल्याकडून लॉन लावून घेतलं. त्यांनी दोन दिवसांत तीनेक इंच लाल माती पसरली, वर गवताच्या लाद्या बसवल्या आणि काम संपलं. पहिलं वर्ष फार छान गेलं. त्यानंतर दरवर्षी एकच कहाणी. जुलै-ऑगस्टमध्ये मधोमध पाणी साचतं, गवत कुजतं, आणि एप्रिल लागला की त्याच जागी बोट जाईल एवढ्या भेगा. दोनदा नव्या लाद्या आणून ठिगळं लावली. आता अर्ध्याहून जास्त जागेत लव्हाळा आणि गाजर गवतच आहे.

यंदा हे मनावर घ्यायचं कारण आई. ती ७८ वर्षांची आहे. डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. संध्याकाळी मागच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसायची तिची कितीतरी वर्षांची सवय. आता तिथवर जाताच येत नाही, वॉकरचा एक पाय भेगेत जातो आणि दुसरा उंचवट्यावर राहतो. मागच्या आठवड्यात पडता पडता वाचली. मला तिच्यासाठी सपाट, मऊ, पाय ठेवायला भरवशाचं गवत हवं आहे.

आणखी लाल माती टाकू की रेती मिसळू? आणि काम कधी सुरू करू?

वर्धारोड | १२ मार्च, रात्री १०.१५

काऊन एवढा विचार करून राहिल्या ताई? तणनाशक मारा, पंधरा दिवसांनी सगळं वाळलं की वरचा थर खरडा, एक ट्रॉली लाल माती आणा अन् लाद्या लावून टाका. माझ्या साळ्याकडे असंच केलं, महिनाभरात हिरवंगार झालं.

काळीमाती | १३ मार्च, सकाळी ६.५०

ताई, लाल माती आणखी टाकू नका. तुमचं गवत मरतं त्यामागे तोच थर आहे.

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो, उभी हयात काटोल-सावनेरच्या शेतांवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खालची काळी आणि वरची लाल, या दोन मातींची कधी मिसळणच झाली नाही. पाऊस लाल मातीतून भराभर उतरतो आणि काळ्या थरावर येऊन अडतो. गवताची मुळं त्या तीन इंचांतच असतात, ती पाण्यात गुदमरतात. उन्हाळ्यात तीन इंच माती दोन दिवसांत सुकते, खालची काळी आकसून फाटते, आणि फाटताना वरची मुळंही तोडते. वर्धारोड भाऊ, तुमच्या साळ्याचं लॉन महिनाभरात हिरवं झालं ते खरंच असेल. दुसऱ्या पावसाळ्यात कसं आहे ते पाहून सांगा.

आपली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. शेतकरी सांगतो की काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, ते याच भेगांमुळे. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते आणि पावसाळ्यात पुन्हा वर ढकलली जाते. कापूस नि तुरीला हे मानवतं. लॉनला नाही, म्हणून तिचा स्वभाव जरा सौम्य करावा लागतो.

रेतीचं गणित मांडून बघा. ६०० चौरस फुटांवर दोन इंच रेती म्हणजे बरोबर १०० घनफूट, एक ब्रास. एवढी रेती आठ इंच काळ्या मातीत कालवली तरी चिकणमाती दाण्यांभोवती बसते आणि वाळल्यावर विटेसारखा गठ्ठा होतो. खेळाच्या मैदानांत रेती वापरतात ती मुळांचा अख्खा थरच रेतीचा करून, आणि त्याच्या खाली गिट्टी व पाइप टाकून. घरी तो खर्च नको. काळ्या मातीला मोकळं करतं ते चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. दोन इंचांचा थर, वरच्या सहा ते आठ इंचांत नीट मिसळलेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी, अशी काम करण्याजोगी ओल. ओली असताना काळ्या मातीत फावडं घालाल तर ढेकळं अशी घट्ट होतील की पुढचे सहा महिने फुटणार नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा होऊन खाली पडल्यावर फुटला तर वाफसा आला. नुसता चपटा झाला तर थांबा. गोळाच होत नसेल तर हलकं पाणी द्या आणि चार-पाच दिवसांनी परत पाहा.

आधी दोन गोष्टी करा. माती परीक्षण, आणि एक फूट खोल खड्डा खणून त्यात पाणी भरणं. ते पाणी जिरलं की पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा.

निंबोणी | १३ मार्च, सकाळी ११.०५

काकांचं सगळं पटलं. माझा मुद्दा निराळा आहे, राग मानू नका ताई. ६०० चौरस फुटांचं लॉन नागपूरच्या उन्हाळ्यात कशासाठी? एवढ्या जागेवर एक इंच पाणी द्यायचं म्हटलं तर जवळजवळ १,४०० लिटर लागतं, आणि मे महिन्यात आठवड्याला एक इंच पुरतही नाही. आमच्या गल्लीत मे महिन्यात टँकर येतो. टँकरच्या रांगेत उभं राहून घरी आल्यावर शेजारच्या लॉनवर फवारा चालू दिसला की जीव तुटतो.

शिवाय निंबाच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही. तिला निदान पाच-सहा तास ऊन हवं. आईंना चालायला जेवढी जागा लागते तेवढंच गवत ठेवा. बाकी निंबाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि खुर्चीसाठी फरशीचा एक चौक करा.

सांदवाडी | १३ मार्च, रात्री ८.३०

निंबोणीताई, राग कसला! आज मोजपट्टी घेऊन आईसोबत फिरले. दारापासून निंबापर्यंत २२ बाय १६ फूट गवत पुरेल असं तीच म्हणाली. म्हणजे ३५२ चौरस फूट, साधारण चाळीस टक्के जागा वाचली.

खड्डाही केला. पहिल्यांदा भरलेलं पाणी जिरायला अख्खी दुपार गेली. संध्याकाळी पाचला पुन्हा भरलं, आता साडेआठ वाजलेत आणि पाणी जेमतेम बोटभर उतरलंय. खणताना लाल मातीखाली काय सापडलं ते सांगते. विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गोळा, टाइल्स, आणि सिमेंटच्या पोत्याचं प्लास्टिक. अकरा वर्षं आम्ही मलब्यावर गवत उगवायची वाट पाहत होतो, हे बघून फार वाईट वाटलं.

मृगनक्षत्र | १४ मार्च, दुपारी १.२०

ताई, वाईट वाटून घेऊ नका, कारण तरी सापडलं. नवीन वस्त्यांत बहुतेक अंगणांखाली हेच निघतं. बांधकाम संपताना उरलंसुरलं मागे ढकलायचं आणि वर माती लोटायची. त्यातला चुना-सिमेंट मातीचा सामू (pH) वाढवतो, आणि आपली माती आधीच अल्कधर्मी. टिकास आणि सब्बल घेऊन सगळा मलबा बाहेर काढा, फूटभर खोलीपर्यंत. मजूर म्हणेल वरचं काढलं की पुरे. ऐकू नका.

लव्हाळ्याबद्दल: वरून उपटून तो जात नाही. त्याच्या गाठी खाली साखळीसारख्या जोडलेल्या असतात, पात उपटली की गाठ तशीच राहते आणि तिथून दोन फुटतात. एप्रिलमध्ये खणलेली माती उलटीपालटी करून उन्हात टाका. गाठी वर येऊन कोरड्या पडल्या की मरतात. दर चार दिवसांनी दाताळं फिरवून दिसतील त्या वेचायच्या. काम कंटाळवाणं आहे, पण मी दोन वर्षं केलंय आणि ९० टक्के लव्हाळा गेला.

वर्धारोड | १४ मार्च, दुपारी २.००

मग तणनाशकच मारा न जी, एवढी वेचणी कोण करणार?

काळीमाती | १४ मार्च, सायंकाळी ५.४५

भाऊ, ग्लायफोसेटचं म्हणत असाल तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर बंधन घातलं, फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच व्हावी असं. दुकानदार सहज देतो म्हणून घरी पंप घेऊन मारू नये. त्याहून माझी अडचण अशी की त्या अंगणात म्हातारी माणसं अनवाणी बसणार आहेत. आपल्याला पुरता एप्रिल-मे हाताशी आहे. नागपूरचं ऊन फुकट मिळतं, २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ते वापरू या.

मलबा आणि गाठी काढून झाल्या की माती सपाट करा, पाणी द्या, आणि ओल असतानाच पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरा. काळं नको, पारदर्शकच, म्हणजे ऊन आत शिरून उष्णता कोंडते. कडा चारी बाजूंनी मातीत गाडा. चार ते सहा आठवडे. गाजर गवत, तरोटा, केना यांचं वरच्या थरातलं बी बरंच मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी याने मरतीलच असं नाही, म्हणून वेचणी आधी.

सांदवाडी | १९ एप्रिल, रात्री ९.१०

उशिरा लिहितेय, माफ करा. दोन मजूर आणि मी, सहा दिवस खणलं. साडेतीन ट्रॉली मलबा निघाला. मातीचा नमुना काकांनी सांगितल्याप्रमाणे दिला होता: सहा ठिकाणांहून सहा इंच खोल माती घेऊन, एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढत काढत अर्धा किलो उरवला आणि सावलीत वाळवला. सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सामू ८.३, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, नत्र व स्फुरद कमी, पालाश भरपूर, मुक्त चुना जास्त, क्षारता ठीक. नर्सरीवाले जिप्सम टाका म्हणतात. टाकू?

काळीमाती | २० एप्रिल, सकाळी ७.००

जिप्सम सोडियमवाल्या, म्हणजे चोपण जमिनीला कामाचं. तुमची क्षारता ठीक आहे, चुना आधीच जास्त आहे, जिप्समवर पैसे घालवू नका. तो पैसा शेणखतावर लावा. ३५२ चौरस फुटांना दोन इंच म्हणजे जवळपास ५९ घनफूट, अर्ध्या ब्रासाहून थोडं जास्त. घेताना हात घालून पाहा. शेणाचा वास येत असेल, आत गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि तणाचं बीही. मुरलेलं खत काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं असतं. स्फुरद कमी आहे, तर खत मिसळतानाच दीड-दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट घाला. पालाशाची गरज नाही.

देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी, १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे, आणि तरी नागपुरात घर बांधणारे किती लोक आपल्या अंगणाची माती तपासतात? ताईंनी तपासली याचा मला खरोखर आनंद आहे.

उतार विसरू नका. घराकडून लांब, २२ फुटांत चार इंच. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी घेऊन दोन्ही टोकांना पातळी मारा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. चार इंच पाण्याला पुरतात आणि आईंच्या पायाला जाणवत नाहीत. भिंतीलगत तीन फूट फरशीच ठेवा. काळी माती भिंतीजवळ सतत भिजली-वाळली की पाया हलतो, जोत्याला तडे जातात.

निंबोणी | २० एप्रिल, सकाळी १०.३०

आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी रोज तिथे ओतू नका. दिवसभर बाष्पीभवन होऊन त्यात क्षार साठलेले असतात. आमच्या कुंड्यांवर त्याचा पांढरा थर आला होता.

सांदवाडी | ३ जून, रात्री १०.००

प्लास्टिक २२ एप्रिलला अंथरलं, काल काढलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, अख्खा त्याखाली गेला. खालची माती हाताला तव्यासारखी गरम लागायची, आणि आता वर एकही हिरवं पातं नाही. कडेला, जिथे प्लास्टिक नीट गाडलं नव्हतं, तिथे मात्र लव्हाळ्याच्या सात-आठ सुया वर आल्यात. उद्या खणून काढते.

निंबाच्या बाजूला उताराच्या टोकाशी दीड फूट खोल चर खणला, खाली छिद्रांचा चार इंची पाइप आणि वर गिट्टी. पाइप शोषखड्ड्यात नेलाय. तिथे साडेचार फुटांवर पिवळा मुरूम लागला, तेव्हा गवंडी म्हणाला आता पाणी जिरेल. निंबाची जाड मुळं तोडली नाहीत, चर त्यांना वळसा घालून नेला.

मृगनक्षत्र | ४ जून, सकाळी ९.१५

छान! खत मिसळून झालं की लगेच गवत लावू नका. एकदा भरपूर पाणी पाजून माती बसू द्या. आठ दिवसांत जे तण उगवेल ते हातानं हलकेच काढा, खोल खणू नका, नाहीतर खालचं बी परत वर येईल. मग खळगे भरून शेवटची पातळी करा. हे एकदा टाळलं म्हणून माझं लॉन पहिल्याच पावसात खचलं होतं.

सांदवाडी | ५ जून, सकाळी ८.००

करते. आणि गवत कोणतं? नर्सरीत कोरियन कार्पेट दाखवलं, हाताला मखमल लागते.

काळीमाती | ५ जून, सायंकाळी ६.२०

दिसायला फार देखणं. पण ते सावकाश वाढतं आणि पुढे जागोजागी उंचवटे धरतं. वॉकरसाठी नको. साधी बारीक पानांची हरळी घ्या, नर्सरीवाले सिलेक्शन वन म्हणतात ती चालेल. तिचं मूळ आपल्या मातीतच मुरलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर पिवळी पडून निजते, पाऊस पडला की उठते. लाद्यांऐवजी टोचणी करा. लादीसोबत दुसऱ्याची माती आणि दुसऱ्याचा लव्हाळा येतो. दोन-तीन पेरांचे तुकडे, चार-चार इंचांवर, ओळी उताराला आडव्या.

मृगाचा पहिला पाऊस आला म्हणून धावू नका. माती पुरती भिजून वाफसा येऊ द्या.

सांदवाडी | १४ जुलै, रात्री ९.००

२९ आणि ३० जूनला टोचणी केली. आईनं खुर्चीत बसून गवताची जुडी सोडवून एकेक तुकडा हातात दिला. दोन्ही दिवस ती बाहेर होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढा वेळ.

मग ८ तारखेची मुसळधार आली आणि खालचा एक कोपरा वाहून गेला, चार-पाच ओळी उघड्या पडल्या. मात्र मधोमध पाणी साचलं नाही. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात चर कोरडा होता. मी छत्री घेऊन बघत उभी होते.

वर्धारोड | १४ जुलै, रात्री ९.३०

ताई, तो कोपरा परत टोचा अन् वरून वाळलेल्या गवताचा पातळ थर टाका, थेंबांचा मार बसणार नाही. अन् काकांना सांगतो, साळ्याच्या लॉनवर परवा पाणी साचलेलं पाहून आलो. त्याला हा धागा वाचायला दिला आहे.

सांदवाडी | २१ ऑगस्ट, रात्री ८.१५

कोपरा भरून आला. नवीनच त्रास: काही पट्ट्यांत पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत कमी पडलं का?

काळीमाती | २२ ऑगस्ट, सकाळी ६.४०

ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही, आणि झडीत जास्तच. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्धं लिंबू, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर उडू देऊ नका, तांबूस डाग पडतात ते निघत नाहीत. त्यानंतर उघडीप पाहून अडीचशे ते तीनशे ग्रॅम युरिया, मातीत ओल पण पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी. गवत अडीच इंच झालं की पहिली कापणी, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही.

सांदवाडी | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३०

आता मातीचा एकही ठिपका दिसत नाही. लव्हाळा अधूनमधून डोकं काढतो, रोज सकाळी चहा झाल्यावर दोन-चार गाठी खुरप्यानं काढते. कापणी चार वेळा झाली. काल संध्याकाळी आई दारापासून निंबापर्यंत वॉकर घेऊन एकटी गेली, मी मागे दोन पावलांवर होते. खुर्चीत बसून तिनं चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले. बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, लहानपणी उमरेडला मागच्या सांदवाडीत असंच गार लागायचं.

काका, निंबोणीताई, मृगनक्षत्र, वर्धारोड भाऊ, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

बेसाकडचा | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

पूर्ण धागा वाचला. आमचं नवं घर दिवाळीत ताब्यात येतंय, मागे २० बाय १५ जागा आहे. बिल्डर म्हणतो लॉन आम्हीच लावून देतो. लावून घेऊ का?

सांदवाडी | १३ ऑक्टोबर, दुपारी १.००

आत्ता नको. थंडीत हरळीची वाढ मंदावते, तुम्हाला जूनपर्यंत वेळ आहे. बिल्डरला सांगा, मागची जागा तशीच सोडा आणि उरलेला मलबा उचलून न्या, ताबा घेण्याआधीच, लेखी घ्या. मग चाव्या मिळाल्या की पहिल्याच रविवारी एक फूट खड्डा करा. काय निघतं ते इथे लिहा.